नाव घेईल त्याचा चहा

माझा भाचा नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत प्रोग्राम लिहितो. ज्या आठवड्यात त्याची पाळी असते त्या आठवड्यात तो फोन ताटाशेजारी ठेवून जेवतो. साता समुद्रापार कुठं काही बंद पडलं की फोन वाजतो आणि हा अर्धी पोळी टाकून उठतो. परवा बेसाला माझ्या घरी जेवायला आला तेव्हा मोठ्या कौतुकानं सांगत होता, की मावशी, आमच्याकडे आता नवीन पद्धत आली आहे, काही बिघडलं की कोणाच्या नावानं खडे फोडायचे नाहीत, काय झालं तेवढंच सगळ्यांनी बसून बोलायचं. अमेरिकेतून आली म्हणे. माझ्या तोंडात घास होता म्हणून पोरगा वाचला.

अरे, कशाची अमेरिका? ही पद्धत मी धंतोलीत पाहिली, ऐंशी सालाच्या आसपास, तेव्हा याची आई फ्रॉक घालून फिरत होती. ती काढणाऱ्या माणसाचं नाव शालिकराम रामटेके. ते कोणी मोठे नव्हते, त्यांचा फोटो कुठल्या भिंतीवर लागलेला नाही. पण आज मी माझ्या स्वतःच्या घरात, कोणाचं ऐकून न घेता, ताठ मानेनं बसले आहे ती त्यांच्यामुळे. भाच्याला सगळं सांगितलं, वरण थंड झालं तरी सांगितलं. तेच इथं लिहिते.

शालिकभाऊ नागपुरातल्याच इंदोऱ्याचे. वडील कापडगिरणीत मागावर होते. छप्पन साली दीक्षाभूमीवर माणसं लोटली तेव्हा शालिकभाऊ शाळकरी पोरगा होते, आणि आलेल्यांना घागरीतून पाणी पाजायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. ती खोड त्यांना जन्मभर राहिली. ऑफिसात कोणी तापून, चिडून, रडत आलं की ते आधी पाण्याचा ग्लास पुढं करायचे आणि तो पिऊन होईस्तोवर एक शब्द बोलायचे नाहीत. मला याचा फार राग यायचा. मी भांडायला म्हणून जायचे आणि पाणी पिऊन परत यायचे.

देवमाणूस वगैरे म्हणाल तर तसं काही नव्हतं. बोलायचे इतकं सावकाश, की त्यांचं वाक्य संपेपर्यंत आपण एखादं काम करून यावं. जेवण झालं की खुर्चीतच डुलकी घ्यायचे आणि कोणी हटकलं तर म्हणायचे, विचार करून राहिलो. त्यांचे विनोद असे, की हसू येण्याऐवजी त्यांचीच कीव यायची. पण आमच्या केंद्राचे ते प्रमुख होते, आणि तसा प्रमुख मला पुन्हा भेटला नाही.

केंद्र म्हणजे एका इमारतीचा वरचा मजला. मुंबईच्या एका कंपनीची ती नागपूरची शाखा. कॉम्प्युटर नावाचं ते कपाटाएवढं यंत्र काचेच्या खोलीत, एसीच्या गारव्यात, जावयासारखं बसलेलं असायचं. त्या काळी त्याला कागद वाचता येत नव्हता. पोस्टकार्डाहून लांब अशा जाड कार्डांना भोकं पाडायची आणि गठ्ठेच्या गठ्ठे त्याच्या तोंडात घालायचे. भोकं वाचून ते हिशेब करायचं. वसंत आणि आणखी काही जण प्रोग्राम लिहायचे, नत्थूजी यंत्र चालवायचे, आणि आम्ही पोरी भोकं पाडायचो. आमची खोली थेट गच्चीखाली. मे महिन्यात तिथल्या लोखंडी टेबलाला कोपर लागलं तर चटका बसायचा.

मी गोपिका, उमरेडकडची, शेतकऱ्याची पोरगी. मॅट्रिक झाले, टायपिंग शिकले आणि नागपूरच्या महाल भागात आत्याकडे राहून ही नोकरी मिळवली. पण ती होती टेंपररी. बाबांनी साफ सांगितलं होतं, मृग लागायच्या आत नोकरी पक्की झाली तर राहा, नाहीतर घरी ये, भिवापूरचं स्थळ थांबलेलं आहे. ते घर मी पाहून आले होते. माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या आईनं माझ्यासमोरच माझ्या आईला विचारलं, पोरगी जास्त बोलते काय? मी जास्तच बोलते. ते घर मला आठ दिवसांत मुकी करून ठेवील हे मी तिथंच ओळखलं. त्यामुळे त्या वर्षी माझा सगळा जीव त्या पक्क्या ऑर्डरीत अडकला होता.

आता पद्धतीचं सांगते. शालिकभाऊ प्रमुख होण्याआधी काहीही बिघडलं की उपाय एकच, वसंतला बोलवा. तो हुशार, म्हणून हे त्याच्या नशिबी. शिपाई कवडू सायकल काढायचा आणि वसंतला जेवणावरून, झोपेतून, केस कापायच्या खुर्चीतून, जिथं सापडेल तिथून उचलून आणायचा. बाकीचे मोकळे. त्यांना यंत्राचं पोट कधी उघडावं लागलं नाही, म्हणून ते कधी शिकलेही नाहीत. नत्थूजी तर आमच्यात सर्वांत वयस्क, पण काही अडलं की यंत्रापुढं हात बांधून वसंतची वाट पाहत बसायचे. शेवटी एकदा कवडूनं वसंतला त्याच्या स्वतःच्या हळदीतून आणलं. बिचारा पिवळ्या अंगानं, धोतर सावरत कामाला लागला. त्याच्या बोटांचे पिवळे ठसे कितीतरी दिवस आमच्या कार्डांवर होते. तिकडे सासुरवाडीत बोभाटा झाला की नवरदेव पळाला.

शालिकभाऊंनी प्रमुख झाल्यावर पहिलं काम केलं ते दारात पाटी टांगण्याचं. शाळेतली दगडी पाटी. एकेका आठवड्याला एकेकाची पाळी. ज्याची पाळी त्यानं त्या आठवड्यात दुसरं काम अंगावर घ्यायचं नाही, आणि ऑफिसातून निघताना आपण कुठं सापडू ते पाटीवर लिहून जायचं. पहिलं नाव त्यांनी स्वतःचं लिहिलं. त्या पाटीनं सगळ्यांची बिंगं फोडली. कोणी लिहायचं, 'इतवारीत, साळ्याच्या भांड्यांच्या दुकानात.' एकानं लिहिलं होतं, 'घरीच, पण भांडण सुरू आहे, दार वाजवून थांबावे.' आणि पाळी नसताना वसंतला बोलवायचं नाही म्हणजे नाही. ज्याची पाळी त्याला जमलं नाही तर शालिकभाऊ त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचे, सुपारी कातरायचे, पण यंत्राला हात लावायचे नाहीत. एकदा नत्थूजी अक्षरशः रडकुंडीला आले, म्हणाले, या वयात कशाले माझी परीक्षा घेता? शालिकभाऊंनी त्यांना पाणी दिलं आणि बसून राहिले. ते सुरू झालं तेव्हा नत्थूजींनी घरी जाऊन पेढे आणले. हळूहळू सगळ्यांना यंत्राचं पोट उघडता यायला लागलं आणि वसंतच्या अंगावर चांगलं मांस चढलं.

दुसरी पद्धत चहाची. काही बंद पडून पुन्हा सुरू झालं की सगळ्यांनी चहाला गोल बसायचं आणि काय झालं ते पहिल्यापासून सांगायचं. अट अशी, की कोणाचं नाव घ्यायचं नाही. जो नाव घेईल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. वसंतनं चुकीचं बटण दाबलं असं म्हटलं की बसला तुमच्यावर चहा. दोन बटणं एकसारखी आहेत, त्यातलं नको ते दाबल्या गेलं, असं म्हणायचं. माझ्याकडून किती किटल्या गेल्या म्हणून सांगू? माझ्या जिभेवर नाव आधी यायचं आणि गोष्ट मागून. माझ्या शेजारच्या टेबलावर सुहासिनी होती, ती तर मला मुद्दाम डिवचायची आणि फुकटचा चहा प्यायची.

आणि मग दगड. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा ही म्हण शालिकभाऊंना अजिबात पटायची नाही. म्हणायचे, "मागचा शहाणा होऊन काय फायदा गा? दगड त तिथंच हाये. तिसऱ्याले लागन ना." म्हणून ठेचेचं कारणच मुळातून काढलं, म्हणजे जसं त्या दोन बटणांतलं एक लाल रंगवलं, की अंगणातून एक दगड उचलून आणायचा आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवायचा. नुसती दुरुस्ती झाली तर दगड नाही. तोच बिघाड पुन्हा आला तर ठेवलेला दगड परत अंगणात. येताजाता ते त्या रांगेकडे, आपली पोरं पास झाल्यासारखे पाहायचे.

मुंबईला मात्र दगड कळत नव्हते. त्यांना दर महिन्याला आकडा लागायचा, किती बिघाड दुरुस्त केले. ज्या शाखेचा आकडा मोठा, तिचं कौतुक, वर बक्षीस म्हणून ढाल. आमचा आकडा उतरत चालला तशी मुंबईहून विचारणा आली, की नागपूरची माणसं काम कमी का करतात. वसंत म्हणाला, भाऊ, आपण मुद्दाम बिघडवू आणि दुरुस्त करू, ढाल मिळेल. शालिकभाऊ यावर पोट धरून हसले, पण आकडा खराच पाठवला. तरी त्यांचं काम मुंबईत कोणाच्या तरी लक्षात आलं असावं, कारण त्या साली त्यांची बढती ठरल्यात जमा होती. विदर्भाचा सगळा कारभार त्यांच्याकडे येणार होता. त्यांच्या बायकोनं, प्रेमिलावहिनींनी, शेजारणींना सांगूनही टाकलं होतं.

त्याच उन्हाळ्यात एका परीक्षा मंडळाचा निकाल तयार करायचं काम आमच्याकडे आलं. गावोगावची हजारो पोरं, प्रत्येकाचं एक कार्ड. निकालाची तारीख पेपरात छापून आलेली, ती हलणार नव्हती. आणि ऊन असं, की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसेना. आमच्या खोलीतला पंखा गरम हवा नुसती खालीवर करायचा. एका पोरीला चक्कर आली आणि ती कार्डांवरच पडली. मी उठले आणि तडक शालिकभाऊंपुढं जाऊन उभी राहिले. म्हटलं, यंत्राले एसी आणि माणसाले भट्टी, हा कुठला न्याय? त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला. त्या दिवशी मी तो प्यायले नाही.

मुंबईहून कूलरची मंजुरी यायची म्हणजे दिवाळी उजाडली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी शालिकभाऊ हातठेल्यावर घालून स्वतःच्या घरचा कूलर घेऊन आले, मागून कवडू ढकलत होता. पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्यांचा. पोरी तिकडं शिजून राहिल्या, आपण अंगणात खाटा टाकू, असं म्हणून प्रेमिलावहिनींनीच तो काढून दिला होता. खिडकीत कूलर बसला, पाणी सुटलं, वाळ्याचा वास दरवळला, आणि आम्हाला माहेरी आल्यासारखं वाटलं. खिडकीजवळचं टेबल मी भांडून मिळवलं. आता सांगा, नागपुरात मे महिन्यात कूलर लावण्यात काही चूक असेल असं कोणाच्या डोक्यात तरी आलं असतं का?

काही दिवस बरे गेले. मग यंत्र कार्डं गिळेना. ती अडकायची, फाटायची, काढून पुन्हा घातली की घटकाभरानं पुन्हा अडकायची. यंत्र कार्डं मोजायचं, पण या काढघालीत मोजणीचा मेळच राहिला नाही. तरी निकालाचा पहिला तक्ता छापून निघाला. सुहासिनीनं तो एका शाळेच्या मूळ गुणांशी ताडून पाहिला आणि आम्हा सगळ्यांना ओरडून बोलावलं. परीक्षा दिलेली कितीतरी पोरं तक्त्यात गैरहजर होती. दोन-दोन कार्डं एकमेकांना चिकटून आत गेली होती. वरचं वाचल्या गेलं, खालचं नाही. तो तक्ता तसाच बाहेर पडला असता तर त्या पोरांच्या घरी काय झालं असतं?

मुंबईला कळवावंच लागलं, आणि तिथून एक साहेब आले. आरडाओरडा करणारे नव्हते, उलट फार शांत होते. त्यांनी चिकटलेली कार्डं वेगळी काढायला लावली आणि एकेक पाहिलं. प्रत्येक कार्डाच्या कडेला जिनं ते केलं तिची खूण असायची. बहुतेक सगळ्यांवर खूण माझी होती. साहेबांनी शालिकभाऊंना विचारलं, ही मुलगी टेंपररी ना? मग सोपं आहे. अहवालात तिचं नाव घालू, मुदत संपली की तिला मोकळं करू, विषय मिटला.

मी दाराबाहेरच उभी होते. भिवापूरचं ते घर डोळ्यांपुढं आलं, ओसरीवरच्या त्या सासूसकट. काय चुकलं हेही मला ठाऊक नव्हतं. माझं भोक न् भोक बरोबर होतं. मी तणतणत आत शिरणार तेवढ्यात शालिकभाऊंचा तो गोगलगायीचा आवाज आला, साहेब, आमच्याकडे आधी चहा असतो.

साहेबांना वाटलं पाहुणचार आहे. सगळे गोल बसलो. शालिकभाऊंनी त्यांना अट सांगितली, तशा साहेबांच्या भुवया वर गेल्या, पण त्यांनी पेला घेतला. मीही पेला तोंडाला लावून बसले, कारण तोंड उघडलं असतं तर रडूच आलं असतं. सुहासिनीला सांगायला लावलं. ती माझं नाव घेणार होती, मला दिसलं, ओठांवर आलं होतं. मग थांबली, पाण्याचा घोट घेतला, आणि म्हणाली, "खिडकीजवळच्या टेबलावरची कार्डं चिपकून राहिली."

तेवढ्यानं सगळं फिरलं. गोपिकाची कार्डं असं ती म्हणाली असती तर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं. टेबल म्हणाली म्हणून सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. वसंतनं विचारलं, त्याच टेबलावरची काहून? सुहासिनी म्हणाली, शेजारच्या टेबलावरचीही थोडी चिपकतात, तिथं ती स्वतःच बसायची. पार भिंतीकडच्या टेबलावरच्या पोरीनं सांगितलं, तिथलं एकही नाही. हे कधीपासून, तर गेल्या आठवड्यापासून. शालिकभाऊ उठले, माझ्या टेबलावरचं कोरं कार्ड उचललं आणि दोन बोटांत वाकवलं. ते कडक वाजायला हवं होतं. ते सादळलेल्या पापडासारखं लवलं. मग एकेक करून आमचे सगळ्यांचे डोळे कूलरकडे गेले. तो बिचारा गार, ओली हवा माझ्या टेबलावर फेकत होता.

शालिकभाऊंनी हातातलं कार्ड टेबलावर ठेवलं. मग त्यांनी स्वतः जाऊन कूलर बंद केला.

त्या आठवड्यात पाटीवर नाव नत्थूजींचं होतं. वसंतला कोणी हाक मारली नाही. नत्थूजींनी सगळं हातात घेतलं. गच्चीवर एक बंद खोली होती, तिथं उन्हानं असं तापायचं की आत उभं राहवत नसे. ओल्या कार्डांचे गठ्ठे तिथं मांडायचं ठरलं. पण सुकताना कार्डं वाकायला नकोत, म्हणून वर वजन हवं होतं. नत्थूजी खिडकीपाशी गेले आणि कठड्यावरचे दगड उचलायला लागले. आम्ही पोरींनी पदरात दगड भरले आणि जिना चढलो. एकेका गठ्ठ्यावर एकेक दगड. उन्हाळ्यातलं वाळवणच ते, फक्त कुरडयांच्या जागी पोरांचे मार्क. मुंबईचे साहेब जिन्यात उभे राहून रुमालानं मान पुसत पाहत होते. त्यांना काय वाटलं देव जाणे.

जी कार्डं सुकूनही सुधारली नाहीत ती आम्ही नव्यानं केली, त्याच खोलीत, बंद कूलरसमोर. घाम कार्डावर पडू नये म्हणून मनगटाला रुमाल बांधले. कोणी कुरकुर केली नाही, मीसुद्धा नाही. निकाल छापलेल्या तारखेला लागला, आणि परीक्षेला बसलेलं एकही पोरगं गैरहजर निघालं नाही.

साहेब निघायच्या दिवशी शालिकभाऊंच्या खोलीत दार लावून बसले. मी माझ्या टेबलावरून दाराकडे पाहत होते. कारण सापडलं होतं, पण अहवालात कोणाचं तरी नाव घातल्याशिवाय मुंबईत फाईल बंद होत नाही, हे साहेब सगळ्यांसमोर बोलले होते. आणि टेंपररी मीच होते. दार उघडलं, साहेबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि निघून गेले. मान हो म्हणून हलवली की नाही म्हणून, काही कळलं नाही.

थोड्या वेळानं कवडू टपरीवरून भली मोठी किटली घेऊन आला. सगळ्यांसाठी चहा. आम्ही एकमेकींकडे पाहिलं, कारण त्या दिवशी कोणी कोणाचं नाव घेतलं नव्हतं. चहा कोणाचा म्हणून सुहासिनीनं विचारलं, तर कवडूनं शालिकभाऊंकडे बोट दाखवलं. ते दारात उभे राहून स्वतः पेले भरत होते. इतक्या वर्षांत त्यांच्यावर चहा एकदाही बसला नव्हता. मला वाटलं, घेतलं शेवटी माझं नाव. मी उठले, आणि माझा आवाज नको तेवढा चढला.

"कोणाचं नाव घेतलं, भाऊ?"

त्यांनी माझ्या हातात पेला दिला. "कूलर कोणी आणला होता वं?" म्हणाले. "पे चहा. थंडा होऊन राहिला."

पोरी भांडल्या म्हणून कूलर आणला, असं ते सहज म्हणू शकले असते. खोटंही नव्हतं ते. मी भांडले होते हे सगळ्या मजल्यानं ऐकलं होतं. ते त्यांनी म्हटलं नाही. अहवालात शालिकराम रामटेके हे नाव गेलं आणि त्यांची बढती गेली. विदर्भाचा कारभार बघायला त्यांच्याहून लहान माणूस आला. शालिकभाऊंनी त्याला पहिल्या दिवशी पाणी दिलं, दगड दाखवले, आणि पुढं निवृत्त होईपर्यंत त्याच खुर्चीत डुलक्या घेतल्या. प्रेमिलावहिनींना तोंड कसं दाखवू म्हणून मी घाबरतच इंदोऱ्याला गेले होते. त्या म्हणाल्या, कूलर घरी आला ना वापस, मग झालं. आता पोट्टेच आत झोपायले तयार नाहीत. त्यांनी मला पोटभर जेवू घातलं. अशी माणसं मला का भेटली, माझं काय पुण्य होतं, मला अजून कळलेलं नाही.

जाताना साहेबांनी एक गोष्ट मात्र मंजूर केली होती. आमची टेबलं काचेच्या खोलीत, यंत्राच्या शेजारी, कोरड्या गारव्यात गेली. त्या दिवशी शालिकभाऊंनी मला अंगणात पाठवलं आणि एक नवा दगड आणायला लावला. मी चांगला मोठा आणला.

माझी पक्की ऑर्डर मृग लागायच्या आत आली. बाबा उमरेडहून आले, कागद दोनदा वाचला आणि विचारलं, हे कसं काय झालं? मी त्यांना सगळं सांगितलं. माझ्या जिभेवर नाव आधी येतंच, तसंच आलं. बाबांनी सगळं ऐकून कागदाची नीट घडी घातली. मग म्हणाले, भिवापूरले मी निरोप देतो, आणि टोपी घालून निघाले.

दुसऱ्या दिवशी मी कवडूला पाठवून किटलीभर चहा मागवला. दुपारची वेळ होती, शालिकभाऊंची डुलकी लागलेली. मी पेला त्यांच्यापुढं ठेवला तसे जागे झाले, किटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या त्या सावकाश आवाजात म्हणाले, "कोणाचं नाव घेतलं वं?"

"तुमचं," मी म्हटलं. "बाबांपुढं."

ते चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसायला लागले, आणि पुसतच राहिले. मी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढं सरकवला आणि ते पिऊन होईस्तोवर एक शब्द बोलले नाही.